पंच्याऐंशीच्या आत

१

पत्र इंग्रजीत होतं, म्हणून प्रणयनं ते दोन दिवस कुणालाच दाखवलं नाही. तिसऱ्या दिवशी तो मुरबाडकडच्या वाडीवरून शहापूरला आला, बहिणीच्या मेडिकल दुकानात गिऱ्हाइकांच्या मागे मुकाट उभा राहिला, आणि पाळी आल्यावर डॉक्टरची चिठ्ठी सरकवावी तसा तो कागद त्यानं काचेवरून पुढे सरकवला.

"ताई, बघ काय लिवलंय. मला कळलंय तेच हाय का, तेवढंच सांग."

शीतलनं वाचलं. मग पुन्हा वाचलं. शिबिराच्या पहिल्या सकाळी, सोमवारी, घेतलेल्या लघवीच्या नमुन्यात फ्युरोसेमाइड सापडलं होतं. खेळाडूंना बंदी असलेलं औषध. वीस दिवसांत लेखी खुलासा करावा. खुलासा पटला नाही तर चार वर्षांपर्यंत बंदी. संघानं त्याला चौकशीच्या निकालाची वाट न बघता घरी पाठवलं होतं.

फ्युरोसेमाइड काय असतं हे शीतलला सांगायची गरज नव्हती. सहा वर्षं ती या काउंटरमागे उभी होती. दुकान किशोरशेठचं, पण भिंतीवर फ्रेम केलेला फार्मासिस्टचा दाखला तिचा. ज्यांचं हृदय थकलंय, पाय सुजतात, अशा म्हाताऱ्यांचं ते औषध. अंगातलं पाणी लघवीवाटे काढून टाकतं. आणि वजनाच्या काट्याला भिणारे खेळाडू ते चोरून घेतात, हेही तिला ठाऊक होतं.

प्रणय काट्याला भीत होताच. एकवीस वर्षांचा चढाईपटू, गेल्या हंगामात टीव्हीवर दिसला तेव्हा अख्ख्या वाडीनं फटाके वाजवले होते. यंदा संघाची अट होती, वजन पंच्याऐंशी किलोच्या आत. शिबिराआधी आठ दिवसांच्या सुट्टीवर तो घरी आला तेव्हा सत्त्याऐंशी भरला होता. शिबिरात गेला तेव्हा साडेचौऱ्याऐंशी.

"घेतलीस?" तिनं विचारलं.

"नाय."

"आईची शपथ?"

"शपथ कशाला? नाय घेतली म्हणजे नाय घेतली."

तिनं त्याच्या डोळ्यांकडे बघितलं. लहानपणी हा खोटं बोलला की डाव्या कानाची पाळी ओढायचा. आत्ता दोन्ही हात काचेवर पालथे पडलेले होते, बोटांना चिकटपट्ट्यांचे जुने वण. तिचा विश्वास बसला. पण तिचा विश्वास कुणी तपासायला घेणार नव्हतं.

रात्री मुलीला, निशिगंधाला, थोपटताना ती हिशेब मांडत राहिली. हे औषध अंगात फार टिकत नाही. दीड-दोन दिवसांत निघून जातं. नमुना सोमवारी सकाळी. म्हणजे ते पोटात गेलं शनिवारी नाहीतर रविवारी. म्हणजे शिबिरात नव्हे. घरी.

त्या दोन दिवसांत घरी कोण होतं? आई गुणाबाई. लहानी आजी. वाडीच्या मंडळाचे महिपत सर, जे सकाळ-संध्याकाळ त्याला पळवायला यायचे. रविवारी जेवायला आलेला सुनिल, त्याच संघातला राखीव चढाईपटू. आणि चौदा महिन्यांची निशी. तिची पाळणाघरवाली गावी गेली म्हणून शीतलनं तिला आठवडाभर आजोळी ठेवलं होतं, वर दुकानातून साबण, बिस्किटं, पाण्याच्या गोळ्या, खोबरेल असं आईनं फोनवर सांगितलेलं सगळं एका पिशवीत भरून सरळगावच्या जीपनं धाडलं होतं.

रविवारी संध्याकाळी निशीला न्यायला ती स्वतःही तिथं गेली होती. यादीत एक नाव आणखी.

अंधारात तिला एकदम आजीच्या औषधाची डबी आठवली. आजीला सुजेसाठी नेमकी हीच गोळी चालू होती.

२

"माझी सुजेची गोळी कोन खाईल गो?" लहानी आजी हसली. तोंडात दोन दात, दोन्ही दिसले. "कडू जहर. कुत्रं बी नाय खायाचं."

शीतलनं डबी रिकामी केली. सरकारी दवाखान्याच्या पट्ट्या, प्रत्येकीवर 'विक्रीसाठी नाही' असा शिक्का. आजीला अक्षर येत नव्हतं, पण गणित पक्कं होतं: रोज गोळी घेतली की चुलीमागच्या भिंतीवर कोळशाची एक रेघ. दवाखान्यानं दिलेल्या साठ. रेघा एकेचाळीस. डबीत एकोणीस.

एकही कमी नाही.

शीतलला बरंही वाटलं आणि वाईटही. घरातला धागा तुटला होता, आणि हातात दुसरा नव्हता.

"पाय कसे आहेत?"

"आता परत सुजलंत. पन मधी तू पोरीला न्यायाला आलीस ना, तवा बघायला पायजे व्हतेस. नवरीवानी पाय. पार उतरली व्हती सूज. शेजारच्या बारकीनं वावडिंगाचा काढा दिलता, त्याचा गुन."

गुणाबाई अंगणात उडीद पाखडत होती. पत्राचं कळल्यापासून ती कमी बोलत होती, आणि सूप जोरात आपटत होती.

"आई, शनिवार-रविवार तो बाहेर कुठं जेवला?"

"कशाला जेवंल बाहेर? वर्साकाठी आठ दिस येतो पोर. माझ्या हातचं सोडून कुठं जाईल?" सूप थांबलं. "तापात बी गोळी घेत नाय तो. तुला ठावं हाय. मी एकटी काय काय बघू? तो महिपत मास्तर त्याला पहाटं उठवून न्यायचा, तुझी पोरगी दिवसभर ओली. तिची दुपटी धुऊन धुऊन हाताची सालं गेली. कोन आलं, कोन गेलं, ध्यान नव्हतं माझं."

शीतल माठातलं पाणी प्यायली. क्लोरिनचा वास नाकात गेला.

"विहीर गढूळच हाय अजून," आई म्हणाली. "आता आशाताई देते त्या गोळ्यांना वास तरी येतो."

प्रणय पडवीत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. जागा होता.

"महिपत सरांनी तुला काय प्यायला दिलं का रे?"

तो भिंतीलाच म्हणाला, "लिंबूपाणी. रोज. स्वतः बनवून आणायचे."

३

महिपत सरांच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट उलट्या बाजूला वाकलेलं होतं. खांदा एका बाजूनं उतरलेला. तरुणपणी ते जिल्ह्याकडून खेळले होते, मातीवर. तेव्हा बोट मोडलं तर चिंधी बांधून पुढची चढाई करायची पद्धत होती. आता ते मंडळाच्या मैदानाला पाणी मारत होते.

"या, फौजदारीण बाई," ते म्हणाले. "येणार ते ठाऊक व्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी."

"सर, मी काही म्हटलंच नाही अजून."

"तुज्या बापाला मी कबड्डी शिकवली. तुज्या भावाला शिकवली. तुमच्या घरात तोंड उघडायच्या आधी मला कळतं." त्यांनी नळी खाली टाकली. "वजन उतरवायचं व्हतं. मी उतरवलं. अंगात रेनकोट, वर स्वेटर, आन डोंगराच्या पायथ्यापर्यंत पळ. तसंच उतरवतात. मी बी तसंच उतरवलं व्हतं. घाम गाळला, गोळी नाय दिली."

"लिंबूपाण्यात काय होतं?"

"लिंबू. पाणी." त्यांनी तिच्याकडे थकून बघितलं. "मीठ, साखर. अर्धा तांब्या तो प्यायचा, अर्धा मी. ह्या वयात मला काय झालं असतं तर तुला कळलं असतं."

अर्धा तांब्या ते स्वतः. हे खोटं असतं तर पडताळायला सोपं होतं. असं खोटं कुणी बोलत नाही.

"एक सांगतो," ते म्हणाले. "शुक्रवारपासून पोर बिघडलं व्हतं. चार फेऱ्यांत पोटऱ्या आखडायच्या. ओठ सुकलेले. मी म्हटलं ढोंग करतोय, टीव्हीवर जाऊन आला तर पाय जमिनीला लागत नाय. दोन शिव्या बी दिल्या." त्यांनी वाकडी बोटं धोतराला पुसली. "रविवारी काट्यावर उभा केला तर अडीच किलो कमी. मी खूश. मला वाटलं, रेनकोटाचा गुन."

ती निघाली तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

"तुला नाव पायजे ना? सुनिलला विचार. रविवारी तुमच्या घरी जेवला. मटणाच्या तीन वाट्या ओरपल्या, पन पाण्याच्या थेंबाला शिवला नाय. गुणाबाईनं तीनदा तांब्या पुढं केला. तीनदा नको म्हणाला. आन सोमवारी दोघांची तपासणी झाली, तर हा साफ. आता प्रणयच्या जागी कोन खेळतोय, ते तुला मी सांगाया नको."

४

सुनिल खर्डीचा. दोन दिवसांची रजा होती, म्हणून तो शहापूरला बस स्टँडजवळच्या रसवंतीत भेटायला तयार झाला. शीतलनं दोन ग्लास रस मागवला. त्यानं आपला ग्लास नुसता हातात धरला. पिशवीतून स्वतःची बाटली काढली, झाकणाचं सील तिच्यासमोर कट्कन तोडलं आणि प्यायला.

"रस पीत नाहीस?"

"पितो ना. हंगाम संपल्यावर."

"आईच्या हातचं पाणीही हंगाम संपल्यावर?"

त्याला लगेच कळलं. तो रागावला नाही, त्यानंच ती दचकली. त्यानं मोबाइल पुढे केला. संघानं खेळाडूंना पाठवलेली सूचनांची यादी होती. उघडी बाटली घेऊ नये. लग्नकार्यात, नातेवाइकांकडे सरबत, काढा, प्रसाद घेऊ नये. पाणी सीलबंदच प्यावं.

"प्रणयला पण आलीय ही. मी त्याला बोललो, घरी पण बाटलीच पी. तो बोलला, येडा हाय का, आईला काय सांगू, तुझं पाणी नको? काकू मला तांब्या देत होत्या तेव्हा मलाच कसंतरी झालं. माझी आई तर बोलायचीच बंद झाली होती महिनाभर."

"तू त्याच्या जागी खेळतोयस."

"हो." त्यानं शर्टाची कॉलर बाजूला केली. खांद्यावर निळ्या पट्ट्यांचं जाळं. "मॅचच्या आधी सुई, मॅचनंतर बर्फ. डॉक्टर बोलतात दोन महिने थांब. थांबलो तर माझ्या जागी तिसरा. ताई, आमची जागा-बिगा काय नसते. खुर्ची असते. कोणतरी बसतो." त्यानं बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "मला त्याला पाडायचं असतं तर लय सोपं होतं. त्याचा गुडघा कुठून दुखतो ते मला ठाऊक हाय. पकड करताना तिथंच धरला असता. गोळी कशाला?"

तो गेल्यावर त्याच्या ग्लासातला रस तसाच राहिला. शीतलच तो प्यायली, टाकवेना म्हणून.

खुलाशाला चार दिवस उरले होते. आई नव्हे, आजी नव्हे, सर नव्हेत, सुनिल नव्हे. उरला प्रणय. त्यानंच घेतली असेल आणि कान ओढायची सवय आता मोडली असेल, असं पहिल्यांदाच तिच्या मनात आलं. आणि त्याच संध्याकाळी प्रणयचा फोन आला.

"ताई, शोधू नको आता. लिवून टाक, मीच घेतली."

५

"घेतलीस का?"

"नाय."

"मग कशाला लिहू?"

"कोनाचं तरी नाव घालावं लागंल. माझंच घाल."

तिनं फोन ठेवला. जेवण केलं नाही. अनंता, तिचा नवरा, वासिंदच्या कंपनीत दुपारपाळीला होता. घरात ती आणि निशी. निशी पाळण्याच्या दांड्याला धरून उभी राहायची, पडायची, परत उभी राहायची.

शीतलची एक वही होती. निशीच्या जन्मापासूनची. किती दूध, किती वेळा शी, ताप किती, रात्री किती वेळा उठली. अनंता त्या वहीला पंचनामा म्हणायचा. त्या रविवारी आपण वाडीवर नेमक्या किती वाजता पोचलो, तेव्हा कोण कोण होतं, काही आठवतंय का, म्हणून तिनं ती काढली.

*रविवार. सहा वाजता आणली. रात्री नऊ वेळा ओली. ताप नाही. सारखं पाणी मागते. डोळे खोल वाटतात. सोमवार: सात. मंगळवार: चार. बरी आहे.*

खाली तिनंच लिहिलं होतं: *हवाबदल?*

पंख्याचा आवाज एकदम मोठा झाल्यासारखा वाटला.

रविवार, सोमवार. मंगळवारी साफ. दीड-दोन दिवस.

तिनं स्वतःला सावकाश विचार करायला लावला, काउंटरवर घाईच्या गिऱ्हाइकाला थांबवावं तसं. प्रणयच्या पोटऱ्या शुक्रवारपासून आखडत होत्या. पोटऱ्या कधी आखडतात? अंगातलं पाणी आणि क्षार गेले की. आजीच्या पायांची सूज पार उतरली, ती वावडिंगानं? वावडिंगानं सूज उतरत नाही. आणि पोरगी दिवसभर ओली. ज्याला कुणाला प्रणयचं वजन उतरवायचं होतं, तो चौदा महिन्यांच्या पोरीचं आणि पंच्याहत्तरीच्या म्हातारीचं कशाला उतरवील?

म्हणजे कुणी प्रणयला गोळी दिलीच नव्हती. गोळी घराला दिली होती.

निशी लिंबूपाणी पीत नव्हती. मटण खात नव्हती. आजी रेनकोट घालून पळत नव्हती. तिघांच्या पोटात एकच गोष्ट जात होती, जिला सुनिल शिवला नाही आणि म्हणून साफ राहिला.

तिनं आईला फोन लावला. रेंज तुटत होती. तिसऱ्यांदा लागला.

"आई, त्या आठवड्यात पिण्याच्या पाण्यात काय टाकत होतीस?"

"काय म्हंजे? गोळ्या. विहीर गढूळ व्हती, तुझी पोरगी घरात, आशाताईकडच्या सपल्या व्हत्या. कळशीला एक टाकतात, मी दोन टाकायची. पन नुसत्या नावाच्या गोळ्या त्या. वास नाय, काय नाय. तळाला पांढरं बसायचं, तर मी ढवळून घ्यायची."

"कुठून आणल्यास?"

आईला प्रश्नच समजला नव्हता.

"आणल्या कुठून? तूच धाडल्यास. मी नाय का बोलले फोनवर, पाण्याच्या गोळ्या धाड?"

६

वाडीवर पाण्याची गोळी म्हणजे पाण्यात टाकायची गोळी. दुसरा अर्थच नाही. आजी घेते ती सुजेची.

मेडिकलच्या काउंटरवर मात्र पाण्याची गोळी म्हणजे अंगातलं पाणी काढणारी. रोज पाच जण तसंच मागतात. "पाण्याची गोळी द्या, दहा." बुधवारी दुकानात गर्दी होती, कानाशी खांद्यानं दाबलेला फोन, तुटक आवाज, आणि शीतलच्या डोक्यात आजीचे सुजलेले पाय. उन्हाळ्यापर्यंत दवाखान्यात माल नसायचा तेव्हा तिनंच पाठवल्या होत्या त्या. सहा वर्षं दिवसाला शंभर पट्ट्या कापणारा हात, त्यानं पंधराच्या पट्टीतून दहा कापल्या आणि पिशवीत टाकल्या. त्या हातानं काय कापलं ते डोक्यापर्यंत पोचलंच नाही.

लहानपणी ती स्वतः कळशीत त्या गोळ्या टाकायची. विरघळेपर्यंत बघत बसायची. ती त्याच घरातली होती, आणि त्या घराचा शब्द तिला कळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं कापलेल्या पट्ट्यांचा खण उपसला. तळाशी पाच गोळ्यांचा तुकडा होता, बॅच नंबरासकट. दुपारी वाडीवर आईनं कोनाड्यातून उरलेल्या दोन गोळ्या काढून दिल्या. आशाताई सोमवारी वासाच्या गोळ्या घेऊन आल्यावर तिनं या ठेवून दिल्या होत्या, टाकायच्या कशाला म्हणून. पट्टीवरची आठ घरं फुटलेली. गुरुवार ते रविवार, रोज दोन. तिनं दोन तुकड्यांच्या कडा जुळवल्या. दुकानाची कात्री बोथट होती, कापताना कडेला दात पाडायची. दातावर दात बसला.

गुणाबाई बघत होती. तिला इंग्रजी अक्षर कळत नव्हतं, पण कडा कळल्या.

"म्हंजे मी पाजली," ती म्हणाली.

"मी धाडली, आई."

"ढवळून पाजली. तळाचं वाया जाऊ नये म्हणून." ती खाली बसली. मग विचारलं, आणि तिचा आवाज अगदी साधा होता, "पोरीला काय झालं तर नाय ना?"

"नाही. बरी आहे ती."

प्रणय पडवीतून सगळं ऐकत होता. शीतल बाहेर आली तेव्हा तो उठून बसला.

"लिहिणार?"

"हो."

"काय लिहिणार? चिठ्ठी नसताना गोळ्या दिल्या, फोनवर? तुझा दाखला जाईल. किशोरशेठ दुकानात उभी करंल का तुला?" त्यानं उजवा गुडघा दोन्ही हातांनी उचलून खाटेखाली सोडला, परक्याची वस्तू सरकवावी तसा. "मी बोललो ना, माझं नाव घाल. चार तर चार."

"चार वर्षांनी तू पंचवीसचा. कोण घेईल?"

"कोन नाय घेणार." तो हसला. "ताई, पत्र आलं ना, ते मी दोन दिवस दाखवलं नाय. सगळ्यांना वाटलं भ्यालो. भ्यालो नाय. दोन दिवस मी नीट झोपलो. वर्षात पहिल्यांदा. कोन उठवायला नाय, सुई नाय, काटा नाय. मला वाटलं, बरं झालं. मग आईचा चेहरा बघितला. हे नको लिहू."

टीव्हीवर तो मांडी थोपटायचा तेव्हा ती निशीला उचलून पडद्यापुढे धरायची. मामा बघ, मामा. तेव्हा कॅमेरा कधी गुडघ्याकडे जायचा नाही.

"तू घेतली नाहीस," ती म्हणाली. "खेळायचं की नाही ते तू ठरव. पण चोर म्हणून थांबायचं नाही. थांबायचं तर थकलास म्हणून थांब."

तिनं पडवीतच बसून लिहिलं. आधी कच्चं, मग पक्कं. बुधवारची वेळ, तुटकी रेंज, शब्द आणि त्याचे दोन अर्थ, कळशीचं माप, गोळ्यांची संख्या, आजीचे पाय, निशीच्या वहीची पानं, सुनिल पाणी का प्यायला नाही ते. कुणालाही विशेषण लावलं नाही. शेवटी स्वतःचं नाव, दाखल्याचा नंबर, आणि दुकानाचं नाव, जे घालू नकोस म्हणून किशोरशेठनं सकाळी दोनदा बजावलं होतं.

७

सुनावणी मोबाइलवर झाली. तीन माणसं, तीन चौकोनांत. सभ्य होती. त्यातल्या एकानं प्रणयला विचारलं की सीलबंद पाण्याची सूचना मिळाली होती ना, मग घरचं उघडं पाणी का प्यायलात? प्रणयनं बराच विचार केला आणि म्हणाला, "घर होतं, सर." त्यांनी ते लिहून घेतलं.

निकाल महिन्यानं आला. लबाडी नाही, पण निष्काळजीपणा आहे. आपल्या पोटात काय जातं याला खेळाडूच जबाबदार. आठ महिने बंदी. हंगाम तेवढ्यात संपणार होता, आणि संघानं करार पुढे चालवणार नाही असं दोन ओळींत कळवलं. शीतलला औषध खात्याची नोटीस आली होती, आणि किशोरशेठनं भिंतीवरची फ्रेम काढून तिच्या हातात दिली होती, वर्तमानपत्रात गुंडाळून, चहा पाजून. खुलासा तिला द्यायचा होता. आता तिच्याकडे वेळ होता.

निकालाची प्रत घेऊन ती निशीसह वाडीवर गेली, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. पडवीत प्रणय झोपलेला. पालथा, एक हात खाटेखाली लोंबता, तोंड उघडं. अंगणात कोंबड्या आल्या की गुणाबाई आवाज न करता नुसती काठी हलवत होती.

तेवढ्यात महिपत सर आले. धुतलेला सदरा, कपाळाला गुलाल.

"उठव त्याला, गुणाबाई. मैदानावर सामने हायेत. खेळायचं नाय, ते ठाऊक हाय मला. नुसता खुर्चीत बसंल. माइकवरून नाव पुकारलंय मी, दोनशे मानूस जमलंय त्याला बघायला."

गुणाबाई आयुष्यात कधी सरांपुढे डोकीवरचा पदर सोडून उभी राहिली नव्हती. पहाटे पाचला ते अंगणात आले की ती स्वतः पोराला हलवून जागं करायची. आता ती काठी घेऊन पडवीच्या पायरीवर बसली, मधोमध.

"झोपलाय तो."

"पाच मिन्टं. हात दाखवंल आन येईल परत. लोकं काय म्हनतील?"

"काय म्हनायचं ते म्हनू दे."

"मग कधी येऊ?"

गुणाबाईनं मागं वळून बघितलं. पोराच्या पाठीवर माशी बसली होती. तिनं पदराच्या टोकानं ती हाकलली.

"येऊ नका, सर," ती हळूच म्हणाली. "उठंल तवा उठंल."